तेलाची वाघीण, पाण्याची खेप

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे पाचच्या सुमारास लातूर स्थानकात दहा वाघिणींची एक मालगाडी येऊन थांबली. आदल्या दिवशी सकाळी ती मिरजेहून निघाली होती. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. दहाही वाघिणी टाक्यांच्या होत्या, एरवी तेल वाहणाऱ्या. त्या दिवशी त्यांच्यात कृष्णेचे पाच लाख लिटर पाणी होते. एवढ्या पहाटेही लोक जमले होते. पाणी रेल्वेने येणार हे आठवडाभर ऐकत आलो होतो, पण गाडी डोळ्यांनी दिसल्यावरच खरे वाटले, असे लातूरकर आजही सांगतात.

पुढे 'जलदूत' म्हणून गाजलेली ती हीच गाडी. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले. मंत्र्यांच्या घोषणा, श्रेयाची ओढाताण, रिकाम्या घागरींची छायाचित्रे, सगळे छापून आले. ज्या वाघिणीने हे पाणी वाहिले तिच्याबद्दल मात्र कोणी फारसे बोलले नाही. लातूरला पाणी पोचले ते त्या वाघिणीमुळे, तिला धुणाऱ्या कामगारांमुळे आणि ती ज्या लोहमार्गावरून धावली त्या मार्गाच्या शंभर वर्षांच्या इतिहासामुळे. म्हणून ही गोष्ट त्या बाजूने सांगायला हवी.

रेल्वेच्या भाषेत ही वाघीण 'बीटीपीएन'. आठ चाके, दोन बोग्या, त्यांवर आडवी ठेवलेली पोलादी टाकी. माथ्यावर माणूस आत उतरू शकेल एवढे झाकणाचे तोंड, त्याला मॅनहोल म्हणतात. पोटाखाली माल सोडण्याचा व्हॉल्व्ह. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, नाफ्था हा तिचा रोजचा माल. मनमाडजवळच्या पानेवाडीला किंवा सोलापूरजवळच्या पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिकडून जाणाऱ्या प्रवाशांना सायडिंगला उभ्या असलेल्या अशा वाघिणींच्या रांगा ओळखीच्या आहेत. गाडीतल्या लहान मुलांनाही त्या लगेच ओळखू येतात, कारण मालगाडीत गोल आकाराची दुसरी वाघीण सहसा नसते.

या प्रकारच्या वाघिणीचा जन्म अमेरिकेतला. पेनसिल्व्हेनियात तेलाच्या विहिरी लागल्या तेव्हा तेल लाकडी पिंपांत भरून रेल्वेवर चढवत. पिंपे गळत, फुटत, आणि कधी कधी आतल्या तेलापेक्षा पिंपच महाग पडे. १८६५ मध्ये एमस आणि जेम्स या डेन्समोर बंधूंनी सपाट डब्यावर दोन उभी लाकडी पिपेच कायमची बसवली. कल्पना चालली, पण उभ्या पिपांमुळे डबा वर जड होई आणि लाकूड गळायचे थांबले नाही. चार-पाच वर्षांतच त्यांच्या जागी बॉयलरसारखी आडवी लोखंडी टाकी आली. आज जगभर जी टाकीची वाघीण धावते तिचा सांगाडा मुळात तोच आहे. ती जन्मली तेलासाठी आणि तेलाच्या हिशेबानेच घडत गेली.

लातूरच्या गोष्टीत हा तेलाचा हिशेब फार महत्त्वाचा ठरला. बीटीपीएनच्या टाकीत ७० हजार लिटरहून थोडे अधिक द्रव मावते. मग जलदूतच्या प्रत्येक वाघिणीत पाणी पन्नास हजार लिटरच का, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला होता. काहींनी तर पाणी वाटेत मुरले की काय अशी शंकाही घेतली. उत्तर वजनात आहे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते, लिटरला जेमतेम पाऊण किलो. त्यामुळे टाकी काठोकाठ भरली तरी वाघीण आपल्या मर्यादेत राहते. पाण्याचे वजन लिटरला पूर्ण एक किलो. रिकाम्या वाघिणीचे वजन २७ टनांच्या घरात, आणि चाकांच्या प्रत्येक जोडीवर २०.३२ टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही असा नियम. चार जोड्यांचे मिळून ८१ टन होतात. त्यातून वाघिणीचे स्वतःचे वजन वजा केले की मालासाठी उरतात ५४ टन, म्हणजे पाण्याचे ५४ हजार लिटर. त्याहून जास्त भरले तर रूळ आणि पूल यांच्यावर अन्याय. म्हणून टाकीचा वरचा भाग रिकामा ठेवून गाडी निघायची. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळते, ब्रेक लागला की पुढे धावते आणि वाघिणीला धक्का देते. असे पन्नास धक्के मागून येत असताना गाडी सांभाळून नेणाऱ्या लोको पायलटांचे आणि गार्डांचे नाव कुठल्या फलकावर आले नाही.

आता त्या उन्हाळ्याकडे वळू. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ ही सलग दोन वर्षे पाऊस सरासरीपेक्षा जवळपास ४० टक्क्यांनी कमी पडला. लातूर शहर मांजरा नदीवरच्या धनेगावच्या धरणावर अवलंबून. २०१६ उजाडले तेव्हा धरणाच्या तळाशी भेगा पडलेली जमीन दिसत होती. नळ बंद झाले. महापालिकेचे टँकर आठ-दहा दिवसांनी गल्लीत येत आणि घराला दोनशे लिटरच्या आसपास पाणी देत. रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या शिकवणी वर्गांसाठी राज्यभरातून मुले लातूरला येतात, तिथली मुले गावी परतू लागली. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती पाचपेक्षा जास्त लोकांनी जमू नये म्हणून जमावबंदीचे १४४ कलम लावण्यात आले. पाण्यासाठी जमावबंदी! ज्येष्ठ मंडळी १९७२ च्या दुष्काळाशी तुलना करत. त्या वर्षी रेल्वेने परदेशी मिलो आणला, सुकडी वाटली गेली. खायला नव्हते, पण खोल विहिरींना पाणी होते. २०१६ मध्ये बाजारात धान्याची पोती होती आणि ते शिजवायला पाणी नव्हते. चव्वेचाळीस वर्षांत आपण भूजल किती उपसले याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

रेल्वेने पाणी आणणे देशात नवे नव्हते. १९८६ मध्ये राजकोटला रेल्वेने पाणी नेले होते. राजस्थानात तर भीलवाडा आणि पाली या शहरांना कितीतरी उन्हाळे रेल्वेच्या पाण्यावर काढावे लागले. तेलाच्या टाकीतून पिण्याचे पाणी कसे न्यायचे हे ज्ञान राजस्थानच्या रेल्वे कामगारांकडे होते, आणि म्हणून लातूरसाठीचे रेक, म्हणजे वाघिणींचे अख्खे संच, कोट्याच्या रेल्वे कारखान्यात तयार झाले.

तिथले काम बघण्यासारखे असते. तेलाची टाकी रिकामी झाली म्हणजे ती खरोखर रिकामी झाली असे होत नाही. आतल्या पत्र्याला तेलाचा चिकट थर असतो, तळाशी गाळ असतो आणि सगळ्यात घातक म्हणजे आत तेलाची वाफ कोंडलेली असते. आधी टाकीत कडक वाफ सोडायची. उष्णतेने थर सुटतो, तेलाची वाफ बाहेर पडते. मग टाकी थंड होऊ द्यायची, आतली हवा तपासायची आणि त्यानंतरच कामगार मॅनहोलमधून खाली उतरतो. त्या गोल पोलादी पोकळीत उभे राहून, दिव्याच्या उजेडात पत्रा खरवडायचा, धुवायचा, पुन्हा धुवायचा. खालचा व्हॉल्व्ह वेगळा काढून साफ करायचा, कारण तेलाचा वास सगळ्यात जास्त तिथेच दडून बसतो. एका वाघिणीला हे सगळे, आणि रेकला वाघिणी पन्नास. एप्रिलमधल्या कोट्याच्या उन्हात हे काम करणाऱ्यांनी लातूर कधी पाहिलेही नसेल. जलदूतचे पहिले आभार त्यांचे मानायला हवेत.

मिरज निवडण्यालाही कारण होते. मिरज हे वाफेच्या इंजिनांच्या काळातले मोठे जंक्शन. ब्रॉड, मीटर आणि नॅरो हे तिन्ही गेज एकेकाळी इथे एकत्र नांदत. इंजिनांना पाणी लागे, आणि पुष्कळ लागे. त्यामुळे रेल्वेने कृष्णेवरून पाणी उचलण्याची स्वतःची व्यवस्था इथे फार पूर्वीपासून उभी केली होती. वाफेची इंजिने गेली, व्यवस्था राहिली. शिवाय कृष्णा उन्हाळ्यातही अगदी आटत नाही, कोयनेतून सोडलेले पाणी तिला चालू ठेवते. तरीही आहे ती वाहिनी पन्नास वाघिणी रोज भरायला पुरणार नव्हती. यार्डापर्यंत नवी जलवाहिनी टाकण्याचे काम तातडीने सुरू झाले. ते पुरे होईपर्यंत थांबायचे नाही असे ठरले, म्हणून पहिल्या नऊ फेऱ्या दहा-दहा वाघिणींच्या झाल्या. २० एप्रिलपासून पन्नास वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी निघू लागली.

आणि आता तो लोहमार्ग. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात विलक्षण वाटतो तो हाच भाग. जलदूत ज्या वाटेने गेली, मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद, लातूर, ती जवळजवळ सबंध वाट म्हणजे जुनी बार्शी लाइट रेल्वे. एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेत नोकरीला म्हणून इकडे आला आणि बार्शीच्या बाजारपेठेने त्याला भुरळ घातली. मुख्य लोहमार्ग कुर्डुवाडीवरून जाई आणि बार्शीचा कापूस बैलगाड्यांनी तिथवर येई. अडीच फुटी रुळांवर स्वस्त पण भक्कम रेल्वे चालवता येते हे कॅलथ्रॉपला सिद्ध करायचे होते. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर जोडले गेले, १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतले लातूर, १९२७ मध्ये मिरज. वारकरी, भुसार, कापूस, कडबा, लग्नाची वऱ्हाडे, सगळे या छोट्या गाडीने वाहिले. १९५४ मध्ये ती भारतीय रेल्वेत विलीन झाली.

कॅलथ्रॉपच्या सगळ्या रचनेचा पाया एकच होता: चाकांच्या कोणत्याही जोडीवर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही. इंजिन असो की डबा, नियम सर्वांना सारखा. त्या काळात तो हुशारीचा नियम होता. पण जलदूतच्या वाघिणीच्या एकेका जोडीवर त्याच्या चौपट भार होता. म्हणजे हा मार्ग नॅरो गेज राहिला असता तर ही गाडी निघूच शकली नसती. कुर्डुवाडी-पंढरपूरचे रुंदीकरण एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाले, लातूर-उस्मानाबाद-कुर्डुवाडीचे २००७-०८ मध्ये, आणि पंढरपूर-मिरज हा शेवटचा तुकडा २०१०-११ च्या सुमारास ब्रॉड गेज झाला. जुनी वाट येडशीहून परस्पर लातूरकडे जाई, उस्मानाबाद शहर तिच्यापासून दूर राहिले होते. नव्या मार्गाने त्याला जोडून घेतले. या रुंदीकरणासाठी किती वर्षे निवेदने दिली गेली, किती अर्थसंकल्पांत तुटपुंजी तरतूद झाली, किती वेळा 'एवढ्या खर्चाला वाहतूक कुठे आहे' असे विचारले गेले, हे त्या भागातल्या माणसांना पाठ आहे. हा दुष्काळ दहा वर्षे आधी पडला असता तर मिरजेचे पाणी या वाटेने लातूरला नेता आले नसते. लोहमार्गाची किंमत मालाच्या भाड्यावर काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मिरज सोडली की गाडी आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला अशी जाते. हे सगळे दुष्काळी तालुके. जत आणि सांगोल्याच्या माणसांना टँकरची रांग लातूरकरांइतकीच माहीत आहे. त्यांच्या डोळ्यांसमोरून रोज २५ लाख लिटर पाणी जात होते आणि ते त्यांच्यासाठी नव्हते. गाडीचा मार्ग मोकळा राहिला आणि ती रोज पोचत राहिली. त्या गावांचा हा समंजसपणा मला फार मोठा वाटतो, आणि त्याची नोंद मात्र कमी झाली.

हा मार्ग तेव्हा विजेचा नव्हता, डिझेल इंजिनच गाडी ओढत असे. एकेरी मार्ग, पंढरपूर-कुर्डुवाडीची वर्दळ आणि जड गाडी यांमुळे पहिल्या फेरीला सतरा-अठरा तास लागले. लातुरात पाणी उतरवायचे कुठे, हाही प्रश्न होता. प्रशासनाने स्थानकाजवळची एक मोठी विहीर ताब्यात घेतली. वाघिणींचे खालचे व्हॉल्व्ह उघडायचे, पाइपांतून पाणी त्या विहिरीत सोडायचे, तिथून उपसून शुद्धीकरणाला न्यायचे आणि मग टँकरने गल्लोगल्ली. ज्या वाटेने एरवी डिझेल डेपोच्या टाकीत उतरते, त्याच पद्धतीने पाणी उतरत होते.

किती पाणी होते हे? २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या जवळ होती. पन्नास वाघिणींची भरलेली गाडी रोज आली तरी माणशी साडेसहा लिटर. प्यायला आणि स्वयंपाकाला पुरेल, आंघोळीला नाही. पण हे साडेसहा लिटर रोज येत राहिले आणि शहर उठून गेले नाही. ऑगस्टपर्यंत जलदूतच्या १११ फेऱ्या झाल्या: नऊ दहा वाघिणींच्या, बाकी १०२ पन्नास वाघिणींच्या. एकूण पाणी २५ कोटी ९५ लाख लिटर.

आकडा प्रचंड वाटतो. आता तो मांजरा धरणाशेजारी ठेवून बघा. धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर. चार महिने रात्रंदिवस राबून रेल्वेने आणलेले सगळे पाणी या साठ्याच्या हजारातला दीड भाग भरते. रेल्वेच्या कामगिरीला यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो धरणाखाली आणि धरणावर उसाचे मळे वाढू देणाऱ्या धोरणाला, शहराची गळकी वितरण व्यवस्था वर्षानुवर्षे तशीच ठेवणाऱ्या कारभाराला, आणि विंधन विहिरी सहाशे-सातशे फुटांवर नेऊन ठेवणाऱ्या आपल्या सर्वांना. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. मैदानांवरच्या पाण्यावर सगळीकडे वाद झाला. उसावर त्याच्या निम्म्यानेही झाला नाही.

मे महिन्यात रेल्वेने वाहतुकीचे सुमारे ४ कोटी रुपयांचे देयक लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवले तेव्हा गहजब झाला. तहानलेल्यांकडे पैसे मागतात म्हणून टीका झाली. प्रशासनानेच हिशेब मागितला होता, असा खुलासा आला. खर्च कोणी सोसावा हा वाद मला दुय्यम वाटतो. पाण्याच्या एका लिटरची खरी किंमत काय असते, हे त्या कागदाने पहिल्यांदा आकड्यात दाखवले, आणि ते कोणाला बघायचे नव्हते.

मग पाऊस आला. जुलैनंतर तो चांगला झाला, परतीच्या पावसाने तर कसर भरून काढली, आणि ज्या मांजरा धरणात वसंतात मुले क्रिकेट खेळण्याएवढे मैदान होते ते सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरात भरून वाहू लागले. जलदूत थांबली. उजनीचे पाणी लातूरला आणण्याची मागणी तेव्हाही होती, नंतरही ती सभांमधून ऐकू येत राहिली. रेल्वेने मात्र लातूरशी नाते वाढवले. ३१ मार्च २०१८ रोजी हरंगुळजवळ रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि २०२० च्या नाताळात तिथून पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला.

आपल्याकडे रेल्वेची संग्रहालये आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८७५ मध्ये बांधलेले सलून आहे, म्हैसूरच्या महाराजांचे सलून आहे. ती जपली हे उत्तमच. पण कामाच्या वाघिणीही जपायच्या असतात. ब्रिटनमध्ये दुधाच्या आणि तेलाच्या जुन्या टाकी-वाघिणी मूळ रंगात, मूळ क्रमांकासह उभ्या करून ठेवल्या आहेत, आणि शाळेची मुले त्या बघायला येतात. दूध शहरात कसे यायचे हे त्यांना त्या वाघिणीपाशी उभे राहून समजते.

माझे मागणे साधे आहे. भारतीय रेल्वेच्या प्रत्येक वाघिणीला अकरा आकडी क्रमांक असतो आणि ती कुठून कुठे गेली याची नोंद रेल्वेच्या संगणकात राहते. जलदूतच्या रेकमध्ये कोणत्या वाघिणी होत्या हे शोधणे रेल्वेला अवघड नाही. वाघिणीचे आयुष्य ठरलेले असते, ते संपले की ती भंगारात जाते आणि तिचा पत्रा वितळवला जातो. तसे होण्याआधी त्यांतली एक वाघीण मध्य रेल्वेने बाजूला काढावी आणि लातूर स्थानकाच्या आवारात दोन रुळांवर उभी करावी. शेजारच्या फलकावर १११ फेऱ्या, २५ कोटी ९५ लाख लिटर आणि माणशी साडेसहा लिटर हे तीन आकडे लिहावेत. कोट्याचे कामगार, मिरजेचे पंपचालक, गाडी चालवणारे लोको पायलट आणि गार्ड यांचा उल्लेख करावा. लातूर महापालिकेने आणि लोकप्रतिनिधींनी तसे पत्र रेल्वेला लिहावे. आणि लातूर, मिरज किंवा कुर्डुवाडीत ज्यांनी त्या गाडीवर काम केले, तिचे पाणी भरले किंवा प्याले, त्यांनी आपल्या आठवणी आणि छायाचित्रे तारखेसह आताच नोंदवून ठेवावीत.